हजारामागं किती

आमच्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावरून "बोलिव्हिया?" असा पुकारा झाला आणि त्याला कोणी "हजर, सर" अशी ओ दिली की नवीन माणूस दचकायचा. जुने दचकत नसत. सरांचा तास सुरू झाला, एवढाच त्याचा अर्थ. मी सांगलीकडून मंगरूळपीरला इतिहास शिकवायला आले तेव्हा माझा वर्ग नेमका त्यांच्या शेजारी होता. पहिल्याच आठवड्यात मी फ्रेंच राज्यक्रांतीपाशी पोचले आणि भिंतीपलीकडून फ्रान्स गैरहजर असल्याचं जाहीर झालं. माझ्या वर्गाला तेव्हा जे हसू फुटलं, ते मी बरेच दिवस मनात धरून होते.

सर संख्याशास्त्र शिकवायचे. पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक मुलाला ते चिठ्ठ्या टाकून एक देश देत. ज्याला जो निघेल तो त्याचा. पुढची तीन वर्षं त्या देशात किती जन्मले, किती मेले, कशानं मेले, किती लेकरांना लस मिळाली, बायका बाळंतपणात किती दगावल्या, हे सगळं त्या मुलानं सांभाळायचं. हजेरीतही तेच नाव. खरी नावं सरांना बहुधा ठाऊक नसत. एका पालकसभेत त्यांनी एका बापाला "तुमचा इथिओपिया हुशार हाये, पण उशिरा येते" असं सांगितलं होतं आणि बापानं मान डोलावली होती.

देशावरून रडारडही व्हायची. नायजर निघालेला एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सर, मले दुसरा देश द्या ना."

"काहून?"

"सगळ्यात खाली हाये तो. पोट्टे हासून राह्यले."

"देश बदलून भेटत नाई बापा. आता तू आला ना त्याच्यात, मंग पाह्य वर कसा जाते तं."

जपान निघालेली मुलगी मात्र महिनाभर नाक वर करून फिरली, जणू तिकडच्या म्हाताऱ्यांना हिनंच जगवलं होतं. बांगलादेशवाला आधी खट्टू होता. पैशानं मागे असूनही तो देश लेकरं वाचवण्यात भल्याभल्यांच्या पुढे गेला, हे त्याच्या लक्षात आल्यावर त्याच्याशी बोलायची सोय राहिली नाही. ही नावं मुलांना पुढे जन्मभर चिकटली. अकोल्याच्या गाडीत एकदा कंडक्टरनं सरांचं तिकीट फाडता फाडता वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "ओळखलं काय सर? मी पेरू." अख्खी गाडी वळून बघायला लागली. सरांनी विचारलं, "क्षयरोगाचं काय चालू हाये तुह्याकडं?" कंडक्टर म्हणाला की हल्ली बघितलं नाही. सर उतरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.

दिसायला सर उंच, काटकुळे. पांढरा फुलशर्ट, खिशात पेनांच्या जोडीला सहा इंची पट्टी. घरापासून कॉलेज चालत गेलं तरी घाम येऊ नये एवढं अंतर, पण सर मोपेडवरून यायचे, आणि तेही हेल्मेट घालून. दूध आणायला जातानाही हेल्मेट. तेव्हा गावात हेल्मेट घालणारे ते एकटेच होते. पोरं हसायची, पानठेल्यावरचे लोक हात जोडायचे. सर म्हणायचे, "हासा. मले आकडा माईत हाये, तुमाले नाई." हाच माणूस सुईला असा घाबरायचा की सांगता सोय नाही. साऱ्या खंडांमधलं लसीकरण तोंडपाठ, आणि स्वतःच्या लसीच्या वेळी बायकोचा हात धरून, डोळे गच्च मिटून खुर्चीत बसलेले मी पाहिले आहेत. त्यांच्या बाई मला म्हणाल्या, "जगाले टोचा म्हनते अन् इथी पाहा कसं करते."

त्यांचा आवडता प्रश्न एकच होता: हजारामागं किती? प्राचार्य हवालदिल होऊन सांगायला लागले की आमच्या कॉलनीत डेंग्यूनं कहर केलाय, तर सर शांतपणे विचारत, "हजारामागं किती?" शिपाई म्हणाला, यंदा पोरं फार नापास झाली, की आलाच प्रश्न. घरी भाजी बिघडली असं बाई म्हणाल्या तरी हेच विचारतात, अशी एक वदंता होती. ती मी खरी धरते. मात्र कोणाच्या घरी माणूस गेलं असेल तर सर जाऊन गुपचूप सतरंजीवर बसत आणि उठून येत. तिथं त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. एवढी समज त्यांना होती.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण जपानवरून झालं. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता मी सहज म्हटलं की आपल्याकडे माणसं पटापट मरतात, जपानमध्ये बघा.

"जपानमधी मरनाचा दर आपल्याहून जास्त हाये, मॅडम."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी म्हटलं, "शक्यच नाही. ते तर सगळ्यात जास्त जगतात."

"जगतात म्हूनच. सगळे म्हातारे हायेत तिथी, अन् म्हातारेच मरतात. आता आपलं कॉलेज घ्या. इथी वर्षाकाठी कोनी मरत नाई. तुमी काय म्हनान, कॉलेज हा चांगला दवाखाना हाये? इथी सगळे अठरा-वीसचे पोट्टे हायेत, म्हून मरत नाई. मोजाच्या आधी वय पाहा लागते."

मी चहा टाकून तासाला गेले आणि त्यांच्याशी बोलणं सोडलं. इतिहासाच्या माणसाला आकड्यानं तोंडघशी पाडलं की फार लागतं.

बस स्टँडजवळ कागद-वह्यांचं दुकान चालवणारे एक जैन शेठ होते. सर उन्हाळ्याच्या सुट्टीत जगातल्या संस्थांच्या संकेतस्थळांवरून आकडे उतरवून घेत आणि शेठकडे त्यांच्या लांबलचक प्रिंट काढत. शेठ दर वर्षी तेच म्हणत, "सर, हे सगळं ठीक आहे, पण आधीची माणसं शंभर वर्षं जगायची. आमचे बाबा नव्वदीचे होऊन गेले."

"जे जगले ते तुमाले दिसले शेठ. पाळन्यात गेले ते कोनाच्या ध्यानात राह्यते? ते धरून सरासरी काढा."

शेठ छपाईचे कागद गुंडाळत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "बाबांच्या आधीचे तिघं गेले होते. आजी सांगायची." आणि त्या दिवशी त्यांनी कागदाचे पैसे घेतले नाहीत, बहुतेक विसरले असतील.

डिसेंबरात सर मैदानावर फक्कीनं दोन मोठ्या रेघा मारत. आडवी उत्पन्नाची, उभी आयुष्याची. मुलं आपापला देश घेऊन जिथं असायला हवं तिथं उभी राहत. सर शिट्टी वाजवून एकेक वर्ष पुकारत आणि सगळं जग एक पाऊल, अर्धं पाऊल सरके. खेळाचे सर कपाळाला हात लावून बसत, कारण कबड्डीच्या मैदानावर आफ्रिका पसरलेली असे. एका वर्षी बोट्स्वाना झालेला मुलगा बाकीचे वर जात असताना शिट्टीसरशी खाली खाली यायला लागला. थांबून त्यानं विचारलं, "सर, सगळे वर चालले, मी मागं काहून येऊन राह्यलो?" सर म्हणाले, "एड्स हाये बापा. थांब, औषध येते. तवर ये खाली." तो मुलगा मान खाली घालून येत राहिला, आणि औषधाच्या वर्षांपाशी पोचून पुन्हा वर जायला लागला तेव्हा बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकीतून बघत होते. सर वेडे आहेत हे माझं मत तेव्हाही कायम होतं, पण त्या दिवसापासून मी त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागले.

कोरोनाच्या काळात सगळं गाव सरांचं विद्यार्थी झालं. ज्यांना टक्केवारी येत नव्हती ते मोबाईलवर इटलीची आणि ब्राझीलची रोजची मरणं तोलायचे आणि निकालासाठी सरांना फोन करायचे. आम्हाला वाटलं, सरांना दिवाळी झाली. पण ते तेव्हा चिडचिडे झाले होते. म्हणायचे, "जो देश नीट मोजते तो जास्त मेलेला दिसते. जो मोजतच नाई त्याच्याकडं सगळं बेस. हे लोकायले कसं सांगू?"

मलावीची गोष्ट त्यानंतरच्या वर्षाची.

मलावी म्हणजे सरांची जुनी विद्यार्थिनी. पहिल्या वर्षालाच तिनं कॉलेज सोडलं आणि नर्सिंगचा कोर्स केला. पण सरांच्या लेखी ती मलावीच राहिली, म्हणून मीही तिला तेच म्हणते. शेलूबाजारपासून आत एका गावी उपकेंद्रावर ती कंत्राटी नर्स होती. गावाचं नाव सांगत नाही. नवरा शेलूबाजारच्या स्टँडवर दुसऱ्याची जीप चालवायचा, म्हणजे सवारी मिळाली तर पैसे. घरात दर महिन्याला नेमानं येणारा पगार हिचाच, आणि तो कंत्राट दर वर्षी वाढवून मिळण्यावर टांगलेला.

ती दुपारी स्टाफरूममध्ये आली आणि उभीच राहिली. त्या वर्षी तिच्या भागात चार बाळं एक वर्षाची व्हायच्या आत गेली होती. आढावा बैठकीत तिच्या उपकेंद्रासमोर लाल खूण झाली. जन्म थोडे आणि मृत्यू चार, हा दर तालुक्यात सगळ्यात वाईट. कंत्राट वाढवायचा कागद तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी बाजूला ठेवला होता.

"मी काय कमी केलं सर? घरोघरी जाऊन राह्यली मी," ती म्हणाली.

सरांनी तिला बसायला सांगितलं नाही. त्यांना माणसाला बसवायचं सुचत नसे. मी खुर्ची सरकवली. सर विचारत होते, "चारीच्या माया कोन? गावातल्या सुना का लेकी?"

"एक सून. तिघी लेकी. पयल्या बाळंतपनाले माहेरी आलेल्या."

"कवा आल्या?"

"आठवा-नववा लागल्यावर. एक तं इटाच्या भट्टीवरून आली. तोवर त्याहिले कोनी पाह्यलंच नोतं. रक्त नाई अंगात."

"बाळं जन्मले कुठी?"

"वाशीमले, दवाखान्यात. गावात आता कोनी बाळंत होत नाई."

"म्हंजे जन्माचा आकडा दवाखान्याच्या गावात. अन् मेले कुठी?"

"घरी आनल्यावर. माह्या गावात."

सरांचा चेहरा असा खुलला की मला लाज वाटली. मेलेल्या बाळांच्या हिशेबात एवढं खूश कोणी होऊ नये. त्यांनी पट्टी काढून टेबलावर आडवी ठेवली. पट्टीच्या वर गेलेली बाळं, खाली जन्मलेली बाळं. दर म्हणजे वरच्याला खालच्यानं भागायचं. "वरचे मोजले तुह्या गावात, खालचे मोजले वाशीमात. जेवन एकाच्या घरी अन् भांडे घासाले तू. हा दरच चूक हाये. अन् सात-आठ महिने तू त्या पोरीहिले पाह्यलंच नाई, तं त्याचा जाब तुले कायले?"

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा एवढा सवयीचा रिवाज की तो आकड्यात शिरून एखादीची नोकरी खाऊ शकतो, हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. सरांनी अर्ज मला लिहायला लावला. "तुमी लिवा. माह्या मराठीत वाक्यापेक्षा आकडेच जास्त येतात."

आम्ही दोघं तालुक्याच्या कार्यालयात गेलो. सरांनी सुरुवात समुद्रातल्या बेटांपासून केली. लहान बेटांचे देश असतात, तिथं एका वर्षी दोन बाळं गेली तरी दर आभाळाला लागतो, दुसऱ्या वर्षी एकही गेलं नाही की शून्यावर येतो, त्यावरून तिथल्या दवाखान्याची परीक्षा करता येत नाही, असं त्यांचं चाललं होतं. साहेब घड्याळाकडे बघायला लागले तशी मी सरांना थांबवलं आणि अर्जातली तीन वाक्यं वाचून दाखवली. साहेब वाईट माणूस नव्हते. ऐकून म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. या तीन केसेस सासरच्या उपकेंद्रांकडे वर्ग करतो. यांच्याकडे एक राहील. कंत्राटाचं पुढच्या बैठकीत करून टाकू."

बाहेर आल्यावर सरांनी मला रसवंतीवर उसाचा रस पाजला. ओळख झाल्यापासून त्यांनी मला काही पाजल्याची ही पहिलीच वेळ.

दोन दिवसांनी मलावीला हे सांगायला म्हणून आम्ही तिच्या उपकेंद्रावर गेलो. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिची लेक त्या तिघींतली एक. सर उत्साहानं मलावीला समजावून सांगत होते आणि म्हातारी कान देऊन ऐकत होती. सर थांबल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे माह्या लेकीचं लेकरू आता इथचं नाई म्हनता?"

"हिशेबात नाई, माय. सासरच्या गावात धरतीन त्याले."

"तिथी त्याले कोनी पाह्यलं नाई. सासू आली नाई, जावाई आला नाई. त्याहिच्यात कसं धरतीन?"

सर म्हणाले की धरतील, नियम आहे. पण परत येताना, मी गाडीवर मागे बसलेली असतानाच, शेलूबाजारला आल्यावर ते मंगरूळपीरकडे वळायच्या ऐवजी त्या लेकीच्या सासरच्या गावाकडे वळले.

तिथली नर्सही कंत्राटीच. तिनं सरळ सांगितलं, "जन्म इथी नाई, मरन इथी नाई. मी कायले घेऊ सर? माह्या डोक्यावर लाल खून घेऊ काय?" तिचंही खोटं नव्हतं. दुसऱ्या गावात असंच उत्तर मिळालं. तिसरी बाई भट्टीवरून आलेली. नवरा-बायको वर्षातले आठ महिने भट्ट्यांवर, त्यांचं सासरचं घर नुसतं कुलूप लावलेलं. आमच्या साहेबांनी बाळं वर्ग केली होती, पण पलीकडे कोणी घेतली नव्हती. कागद दोन्हीकडे बरोबर होते आणि तीन बाळं कुठंच नव्हती.

त्या आठवड्यात सर तासाला गेले, पण भिंतीपलीकडून देशांचे पुकारे आले नाहीत. नुसतं फळ्यावर खडू घासल्याचा आवाज येत होता. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. एका बाईची नोकरी वाचली होती, तेवढ्यावर समाधान मानायला काय हरकत होती? मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, आजपतोर मी दुसऱ्याहिच्या चुका काढल्या. हे गायब मी केले. माह्या हातानं."

मग मलावी स्वतःच आली. तिला सगळं कळलं होतं. तिकडच्या नर्सनं फोन केला होता. ती म्हणाली, "सर, तिघं माह्याकडंच राहू द्या. मी साहेबायले सांगते."

"येडी हायेस काय? दर चुकीचा होईन. शास्त्राप्रमानं ते तुह्ये नाईच."

"नसतीन. पन मी त्याहिले पुसलं, वजन केलं, दुपट्यात गुंडाळलं. एक तं अँबुलन्स येईस्तोवर माह्या मांडीवर गेलं. अन् आता मीच म्हनू, माह्याकडं असं काई झालंच नाई?"

"तुहं कंत्राट जाईन."

"माईत हाये मले."

"नवऱ्याले इचारलं?"

"इचारलं. तो म्हने, नोको करू. मंग रातभर झोपला नाई अन् सकाळी म्हने, कर."

सर तिला बराच वेळ समजावत राहिले. बेटं आली, जपान आलं, पट्टी निघाली. ती ऐकून घेत होती, विद्यार्थिनी असतानाही बहुधा अशीच ऐकत असेल. त्यांचं संपल्यावर ती म्हणाली, "तुमी येता का मंग संगं?" आणि सर उठले. मीही गेले. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. माणसानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा आणि आपण शेजारी उभं राहून बघावं, यात मला तरी काही थोर वाटत नाही. अजूनही वाटत नाही.

साहेबांच्या दाराबाहेर थांबलो होतो तेव्हा सर मलावीला एकेका बाळाबद्दल काहीबाही विचारत होते, माझं तिकडे लक्ष नव्हतं. साहेब वैतागले. साहजिकच होतं. "अहो सर, पंधरा दिवसांमागे तुम्हीच इथं बसून मला पटवून गेलात की ही बाळं यांच्या हिशेबात येत नाहीत."

"म्हनलो होतो. बरोबरच म्हनलो होतो," सर म्हणाले.

"मग आता?"

"आता ही म्हनते, माह्ये हायेत. तुमच्या तालुक्यात दुसरं कोनी म्हनत असन तं त्याच्याकडं द्या."

साहेब काही वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसले. मग त्यांनी मलावीला विचारलं, "कंत्राटाचं काय होईल ते माझ्या हातात राहणार नाही. वर फक्त दर जातो. कळतंय ना?" तिनं हो म्हटलं.

दर वर गेला. मार्चअखेर तिचं कंत्राट वाढलं नाही.

मी सरांना विचारलं की एवढं करून जगाच्या कोष्टकात काय हललं. सरांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. देशाचा आकडा निवडक गावांच्या पाहणीवरून काढतात, तिचं गाव त्यात असायची शक्यता फार कमी, आणि असलं तरी एवढ्या मोठ्या देशात तीन बाळांनी दशांश चिन्हाच्या पलीकडेही कितीतरी घरं काही हलत नाही. "तिलेबी माईत होतं हे," ते म्हणाले. "मीच शिकवलं होतं तिले."

एप्रिलच्या पहिल्या दिवशी ती उपकेंद्राची किल्ली द्यायला गेली तेव्हा सर तिच्यासोबत गेले आणि मला घेऊन गेले. ऊन चढलं होतं. मलावी आत वजनकाटा, बीपीचं मशीन, शीतपेटी मोजून नव्या नर्सच्या ताब्यात देत होती. ती म्हातारी लेकीला घेऊन आली. लेक दाराच्या आडोशाला उभी राहिली, पदर तोंडाशी धरून. म्हातारी मलावीकडे गेली नाही. ती सरांपाशी आली. शिकलेला माणूस, कार्यालयात जाऊन आलेला, म्हणून त्यांनाच विचारावं असं तिला वाटलं असावं.

"धरलं काय इथी, गावात?"

"धरलं, माय."

म्हातारी तरी हलली नाही. तिला आणखी काही विचारायचं होतं. लेकीकडे एकदा बघून तिनं आवाज खाली घेतला.

"नुसतं लेकरू म्हून लिवलं, का पोरगी म्हून?"

मला वाटलं, आता सर आत मलावीला विचारायला जातील. अर्ज माझ्या हातचा होता. त्यात मी 'तीन अर्भके' असं लिहिलं होतं, आणि त्यावर एकानंही मला काही विचारलं नव्हतं. पण सर जागचे हलले नाहीत. हेल्मेट त्यांनी काढून काखेत धरलं होतं.

"पोरगी," ते म्हणाले. "मंगळवारची. पावनेदोन किलोची. डोक्यावर जावळ लय होतं."

दाराआडून लेकीनं पदर खाली घेतला. म्हातारीनं आपली ओंजळ पुढे करून एकदा बघितली.

"हो," ती म्हणाली. "तेवढीच व्हती."